घोडा ठेवायचाय, पण कुणाच्या भरवशावर?

मी भिलाई-३ मधून बोलतोय. आमच्याकडचा पोलाद कारखाना सगळ्यांना माहीत असतो, चरोद्याचं रेल्वे यार्ड माहीत असतं, पण भिलाई आणि घोडा म्हटलं की लोक हसतात. तरी वर्षातून दोन-चार जण विचारतातच. कुणी विदर्भातून बदलीवर आलेला असतो, कुणी सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेनं घोडा आणलेला असतो. प्रश्न एकच: "क्वार्टरमध्ये तर घोडा राहत नाही. ठेवू कुठे?"

मुंबई-पुण्याकडे रायडिंग क्लब आहेत. महिन्याचे पैसे भरले की ठाण, चारा, मोतद्दार सगळं मिळतं. आमच्यासारख्या गावात मात्र पर्याय साधारण तीनच. लग्नाच्या वरातीला घोड्या पुरवणारा माणूस, शहराबाहेर फार्महाऊस असलेला एखादा शौकीन, नाहीतर गाई-म्हशींच्या गोठ्यात रिकामी असलेली जागा. यातलं काहीही चालू शकतं आणि काहीही घात करू शकतं. लोक जागा बघायला जातात आणि भिंती, छप्पर, नवा पत्रा बघून येतात. मीही तेच केलं होतं.

माझी एक कुमाईत घोडी होती. नोकरीमुळे ती दुसऱ्या एका गावी एका तबेल्यात ठेवली होती. जागा झकास, फरशी धुतलेली, मालक गोड बोलणारा. पण रात्री आठनंतर तिथे माणूस नसायचा, हे मी कधी विचारलंच नाही. एका रात्री तिला पोटशूळ उठला. सकाळी सातला फोन आला. मी पोचलो तेव्हा जमीन सगळी उकरलेली, तिच्या डोळ्यावर लोळून झालेली जखम, अंग घामानं थबथबलेलं. दुपारी ती गेली.

घोड्याला उलटी होत नाही. पोटात जे अडलं, ते वरून बाहेर यायचा रस्ताच नाही. आतडं लांबलचक, काही ठिकाणी एकदम अरुंद होणारं. म्हणून पोटशूळात पहिले काही तास महत्त्वाचे. घोडा पाय आपटतो, कुशीकडे वळून बघतो, सारखा उठतो-बसतो, लीद टाकायची थांबतो. हे बघायला जागा माणूस लागतो. तेव्हा तबेल्यात गेल्यावर पहिला प्रश्न हा: रात्री इथे कोण झोपतं? आणि त्या माणसाशीच बोला, मालकाशी नंतर. त्याला विचारा, घोडा लोळायला लागला तर तू काय करशील? "डॉक्टरला फोन करीन, तोवर चंदी बंद" म्हणाला तर बरं. "तेल पाजीन" म्हणाला तर सावध व्हा. नाळीनं तोंडात ओतलेलं तेल श्वासनळीत जाऊन घोडे मेलेले आहेत.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. शिवकाळात पागेत दर पंचवीस घोड्यांमागे पाणी भरणारा एक पखालजी आणि एक नालबंद असे, असं सभासदानं नोंदवलंय. आणि १६७३ च्या मे महिन्यातलं महाराजांचं ते पत्र आठवा, चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या पागेच्या अंमलदारांना लिहिलेलं. रयतेला त्रास देऊ नका, एवढ्यासाठीच ते आपल्याला ठाऊक असतं. पण घोडेवाल्यानं ते वेगळ्या नजरेनं वाचावं. पावसाळाभर पुरवायचा दाणा-वैरणीचा साठा आधीच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि त्याची जबाबदारी तुमची, हे त्यात आहे. गवताच्या गंजीजवळ चूल, विडी नको. रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, हेही आहे. राज्याचा धनी उंदराच्या वातीपर्यंत विचार करतो! आजही तबेला बघताना मी गंजी कुठे आहे आणि विजेची उघडी वायर तिच्यापासून किती लांब आहे, हे आधी बघतो. आणि आषाढात पुरेल एवढी सुकी वैरण छपराखाली आहे का, ते विचारतो.

आता चाऱ्याचं, कारण छत्तीसगडात खरी फसगत इथे होते. हा भाताचा मुलूख. जिकडेतिकडे तणस, इकडे त्याला पैरा म्हणतात. स्वस्त, भरपूर, गाई-म्हशी खातात. गोठेवाला म्हणेल, "घोडाही खाईल की." खातो, पण त्यात पोषण कमी, वाळू-काचेसारखा सिलिका जास्त, आणि नुसत्या तणसावर ठेवलेल्या घोड्याच्या पोटात गोळा अडकायची भीती. त्यावर वर भाताचा कोंडा चारला की दुसरी गोष्ट. कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम थोडं. महिनोन्महिने तेच चाललं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं, जबड्याची हाडं फुगतात, घोडा लंगडायला लागतो. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सात-आठ किलो चांगलं वाळलेलं गवत हवं, जमेल तिथे थोडा लसूणघास. चंदी कामाच्या मानानं. पाणी तीस-चाळीस लिटर, आणि आमच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, त्याहून बरंच जास्त. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

ठाणात शिरलात की उभं राहून वास घेऊ नका. उकिडवे बसा. घोडा झोपतो तिथे नाक नेलं की मुताचा झोंबरा वास येतो का ते कळतं. येत असेल तर त्याची फुप्फुसं रोज तेच ओढतायत. तिथल्या दुसऱ्या घोड्याचा पाय उचलून खूर बघायची परवानगी मागा. तळाच्या मऊ त्रिकोणी भागाला सडका वास असेल, तर नालबंद कधी येतो हे विचारायची गरज उरत नाही. दीड-दोन महिन्यांनी खूर तासलेच पाहिजेत.

वरातीवाल्याकडे ठेवणार असाल तर एक जास्तीची गोष्ट. त्याच्या घोड्या गावोगाव फिरतात, परक्या हौदांवर पाणी पितात. ग्लँडर्स हा रोग असाच पसरतो. माणसालाही होतो. २००९ च्या कायद्यानुसार तो कळवावाच लागतो, आणि तपासणीत सापडलेला घोडा दयामरणानं मारावा लागतो. उपचार करून ठेवायची मुभा नाही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे रक्ताचे नमुने तपासले जातात. तिथल्या घोड्यांचा अलीकडचा अहवाल दाखवायला सांगा, आणि तुमच्याकडूनही मागितला नाही तर समजा की कुणाकडूनच मागत नाहीत. नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा, त्याची बादली वेगळी. आणि हो, लग्नसराईत तुमचा घोडा वरातीत जाणार नाही, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी "नाही नाही साहेब" चालत नाही.

कागदाचंच बोलतोय तर: आजारपणात तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कोण घेणार, किती रुपयांपर्यंत? शेवटचा निर्णय, म्हणजे वेदना संपवायचा, कुणी घ्यायचा? हे लिहिताना हात अडखळतो, पण ते रात्री दोन वाजता ठरवण्यापेक्षा बरं.

आमच्या भागाचं एक सुदैव म्हणजे अंजोऱ्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. पण भिलाई-३ हे रायपूरच्या बाजूला, अंजोरा दुर्गच्या पलीकडे राजनांदगाव रस्त्यावर. मधे भिलाई आणि दुर्ग ही दोन्ही शहरं. म्हणून पैसे द्यायच्या आधी एक दिवस घोडा नेता येईल अशी गाडी कुणाची, ती रात्री मिळेल का, आणि तुमचा घोडा तिच्यात चढतो का, हे प्रत्यक्ष करून बघा. माझ्या आत्ताच्या घोड्याला फळीवर पाय ठेवायला शिकवण्यात तीन रविवार गेले. गूळ लागला.