रात्र ग्रंथाची आहे!

५ डिसेंबर १९५६ ची रात्र. दिल्लीतील २६, अलीपूर रोड. शरीर थकलेले, दृष्टी अधू झालेली. तरीही परमपूज्य बाबासाहेबांनी झोपण्यापूर्वी आपले सहायक नानकचंद रत्तू यांना 'दि बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद जवळ आणून ठेवायला सांगितले. रात्री जाग आली तर त्यावरून नजर फिरवावी, हा हेतू. दुसरी सकाळ उजाडली ती महापरिनिर्वाणाची वार्ता घेऊनच. आपल्या उद्धारकर्त्याची शेवटची रात्र ही ग्रंथाची रात्र होती, हे आपण कधीही विसरता कामा नये.

या ग्रंथाच्या छपाईची चिंताही बाबासाहेबांना स्वतःच वाहावी लागली. खर्च सुमारे २० हजार रुपयांच्या घरात जाणार होता. बुद्ध जयंतीचे २५०० वे वर्ष देशभर साजरे होत होते, म्हणून त्यांनी १४ सप्टेंबर १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. सरकारने ५०० प्रती विकत घेऊन त्या ग्रंथालयांना आणि उत्सवासाठी येणाऱ्या पाहुण्यांना द्याव्यात, एवढीच विनंती होती. त्यासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. अखेर १९५७ साली मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयामार्फत ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण तो पाहायला ग्रंथकर्ता नव्हता.

ज्या ग्रंथाच्या ५०० प्रती सरकारला जड झाल्या, त्या ग्रंथासाठी आज कष्टकरी माणसे रात्रभर उभी राहतात. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या रांगेत उभेही राहिलो आहोत.

विहारातील फाटकी प्रत

गोष्ट २०२२ सालची. २०२० मध्ये कोरोनामुळे समाजाला घरूनच अभिवादन करावे लागले होते. आता चैत्यभूमीवर पुन्हा जनसागर लोटला होता. आमचे एक बालपणापासूनचे स्नेही आहेत, वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर काम करतात. त्या वर्षीच्या वर्षावासात आमच्या वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचण्याचे काम त्यांच्याकडे होते. विहारातील प्रत जुनी, दाभणाने शिवलेली. मधली काही पाने गळून गेलेली. एकदा वाचता वाचता ते तपश्चर्येवरून एकदम पुढे गेले. समोर त्यांच्या आई बसल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नाही, पण इतक्या वर्षावासांत ऐकून ऐकून ग्रंथ पाठ झालेला. त्या तिथूनच म्हणाल्या, "अरे, मधलं गळालं. सुजाताची खीर कुठं गेली?"

सभेत हशा पिकला, पण स्नेह्यांच्या मनाला ते लागले. ज्या माउलीला वाचता येत नाही, तिला पान गळाल्याचे कळते, आणि आपण वाचणारे मात्र फाटकी प्रत पुढे रेटतो! दुसऱ्या दिवसापासून वर्गणी सुरू झाली. पन्नास घरांतून वीस-वीस रुपये, एकूण एक हजार जमले. ग्रंथ मोठ्या टाइपाचा घ्यायचा, असे ठरले, कारण वाचणाऱ्यांत वयस्कर मंडळी असतात आणि विहारातील दिवा मंद.

टेम्पोची वाट

५ डिसेंबरला कामावरून सुटल्यावर आम्ही दोघे दादरला उतरलो. आमचे म्हणणे होते की आधी अभिवादनाच्या रांगेत लागावे. स्नेही म्हणाले, "आधी ग्रंथ घेऊ. ग्रंथ हातात घेऊनच साहेबांपुढे जाऊ." हा विचार आम्हाला पटला.

शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलच्या ओळीच ओळी होत्या. पंचशील ध्वज, मूर्ती, कॅलेंडर, भीमगीते, सगळे काही होते, पण जास्त झुंबड पुस्तकांपाशीच. मोठ्या टाइपाची प्रत मात्र मिळेना. अखेर एका स्टॉलवाल्याने सांगितले, "नवी छपाई आहे. बाइंडरकडून टेम्पो निघालाय. बारापर्यंत येईल. थांबायचं असेल तर इथं रांग लावा." तेव्हा साडेदहा वाजले होते. आमच्या पुढे तीस-चाळीस माणसे होती, मागे बघता बघता तितकीच झाली.

त्या रांगेत कोण नव्हते? महापालिकेचे सफाई कामगार होते, नाक्यावर उभे राहणारे बिगारी होते, नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली होत्या. एक आजोबा पुस्तकांच्या नावांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवून आले होते आणि दर थोड्या वेळाने ती काढून बघत होते. आमच्या मागे परभणीकडच्या एक मावशी उभ्या होत्या. त्यांनी गाठोड्यातून भाकरी आणि ठेचा काढला आणि आम्हा दोघांच्या हातावर ठेवला. त्या म्हणाल्या, "दादा, आमच्या गावात ईस घरं हायेत आपली. विहार बांधलं, रंग दिला, पन वाचायला ग्रंथच न्हाई. पोरगं म्हनलं, आई, जातीयस तर ग्रंथ घेऊनच ये."

बारा वाजले. रांगेतल्या कुणीतरी त्रिशरण सुरू केले. सगळी रांग हात जोडून पंचशील म्हणू लागली. ना माईक, ना व्यासपीठ. त्यानंतर काही क्षण कुणी बोलले नाही.

बंद केलेल्या रस्त्यांमुळे टेम्पो लांबच अडकला होता. साडेबाराच्या सुमारास पोरांनी गठ्ठे डोक्यावर वाहून आणले. सुतळी कापली तसा खळीचा आणि शाईचा वास सुटला. स्टॉलवाल्याने आधीच बजावले, "माणशी एकच प्रत." आम्ही दोघे होतो म्हणून विहारासाठी दोन प्रती मिळाल्या. आणि आमच्यानंतर गठ्ठा संपला! दुसरा टेम्पो सकाळी येणार होता, पण मावशींच्या गावची गाडी पहाटे परत निघणार होती. त्या काही बोलल्या नाहीत. पदराने तोंड पुसून नुसत्या उभ्या राहिल्या.

स्नेह्यांनी आमच्याकडे पाहिले. पैसा आमचा नव्हता, वस्तीचा होता. तरी ते म्हणाले, "एका विहारात दोन आणि एका विहारात एकही नाही, हे बरं नव्हे." मावशींना एक प्रत दिली. त्यांनी फुकट घ्यायला साफ नकार दिला आणि पुरते पैसे मोजून हातात दिले. ते पैसे आणि उरलेली वर्गणी मिळून मुलांसाठी बाबासाहेबांची आणि सावित्रीमाईंची लहान चरित्रे घेतली. मग ग्रंथ छातीशी धरून आम्ही अभिवादनाच्या रांगेत लागलो. स्तूपापाशी पोहोचलो तेव्हा फटफटले होते.

पुढच्या रविवारी विहारात हिशेब मांडला. एका ज्येष्ठाने विचारले, दोन प्रती ठरल्या होत्या, एकच कशी? सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मग वहीत तसं लिहा. परभणीकडं एक गेली." समाजाच्या पै-पैचा हिशेब असाच विचारला गेला पाहिजे आणि असाच दिला गेला पाहिजे.

रांग कुणाची दिसते?

२१ जुलै २००७ च्या मध्यरात्री ब्रिटनमध्ये हॅरी पॉटर मालिकेचे शेवटचे पुस्तक विक्रीस आले. दुकानांपुढे पोरांच्या आणि आईबापांच्या रांगा लागल्या. ब्रिटन व अमेरिकेत मिळून पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी १० लाख प्रती खपल्या. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या रांगांचे फोटो छापले आणि वाचनसंस्कृतीचे कौतुक केले. मुले पुस्तकासाठी रात्र जागवतात, याचा आम्हालाही आनंदच आहे. पण दरवर्षी ६ डिसेंबरला दादरमध्ये जी माणसे रात्र जागवून पुस्तके घेतात, त्यांच्याविषयी वाचायला काय मिळते? गर्दी, वाहतूक आणि कचरा! ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला शिवू दिले नाही, ती माणसे पोटाला चिमटा काढून ग्रंथ विकत घेतात, ही बातमी नाही का?

आपली ही परंपरा नवी नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी आपले भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. तेच 'जातिप्रथेचे विध्वंसन'. त्याच्या १५०० इंग्रजी प्रती दोन महिन्यांत संपल्या. १४ एप्रिल १९७९ रोजी महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला. १९८७ मध्ये चौथ्या खंडातील 'रिडल्स'वरून वादळ उठले, तेव्हा १९८८ च्या फेब्रुवारीत एका ग्रंथाच्या रक्षणासाठी लाखोंचा मोर्चा मुंबईत निघाला. पुढे या साहित्याची छपाई रखडल्याची बातमी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तिची स्वतःहून दखल घ्यावी लागली. मागणी जनतेची आहे. पुरवठा मात्र पुन्हा पुन्हा मागावा लागतो.

शोकेसमधला ग्रंथ

आता थोडे आत्मपरीक्षण. रात्रभर उभे राहून आणलेला ग्रंथ पुढे कुठे जातो? कित्येक घरांत तो टीव्हीवरच्या शोकेसमध्ये, प्लॅस्टिकच्या वेष्टणात, फुलदाणीशेजारी बसतो. वर्षातून दोनदा त्याला हार घातला जातो. बाबासाहेबांनी लंडनमध्ये उपाशीपोटी ग्रंथालयात दिवस काढले, मुंबईत पुस्तकांसाठी राजगृह बांधले, ते काय ग्रंथांना हार घालण्यासाठी?

म्हणून माता-भगिनींना आमची विनंती आहे. घरात ग्रंथ आला की त्यावर तारीख आणि घरातील सर्वांची नावे लिहा. रोज संध्याकाळी वंदनेनंतर एक पान मोठ्याने वाचा. वाचण्याची पाळी मुलांइतकीच मुलींना द्या. सुनेला आणि सासूलाही द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकवा आणि आज काय ऐकले ते त्यांना विचारा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आठ भागांचा आहे. तो भराभर संपवण्याची स्पर्धा नाही. विहारात एक वही ठेवा. ग्रंथ कुणी नेला, कधी परत केला, याची नोंद करा. फाटला तर वेळीच बांधून घ्या. आणि शासनाच्या खंडांची मागणी आपल्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयाकडे लेखी करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आमच्या विहारात २०२३ च्या वर्षावासात नव्या प्रतीतून वाचन झाले. स्नेह्यांची दहावीतील मुलगी वाचत होती. सुजाताच्या प्रसंगाशी ती आली तेव्हा तिने आजीकडे पाहिले. आजी म्हणाल्या, "हां, आता बरोबर. वाच पुढं."

बंधू-भगिनींनो, ५ डिसेंबरच्या रात्री रांगेत जरूर उभे राहा. पण त्या रांगेतून आणलेला ग्रंथ घरातल्या शेवटच्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचवा. तेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!