खिळा न ठोकता घर आपलं!

तुमच्या रूममध्ये भिंतीला किती खिळे आहेत? एकदा मोजून बघा. प्रत्येक खिळ्याला किंमत असते, हे मला गेल्या वर्षी कळलं. जुना फ्लॅट सोडताना आमच्या पंचवीस हजारांच्या डिपॉझिटमधून नऊ हजार कापले गेले. कारण काय, तर चौदा खिळ्यांची भोकं आणि फेअरी लाइट्सच्या चिकटपट्टीने उचलून आलेला रंग. आम्ही तिघी, म्हणजे प्रत्येकी तीन हजार. तेवढ्यात माझा महिन्याचा डबा झाला असता!

आता गंगापूर रोडच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. वन बीएचके, लिफ्ट नाही, पण बाल्कनी आहे. या वेळी ठरवलं, घर सजवायचं, पण असं की सोडताना कुणी एक रुपया कापू नये. नाशिकमध्ये शिकायला किंवा अंबड-सातपूरला नोकरीला आलेल्या प्रत्येकाची हीच अडचण आहे ना? मग हे तुमच्यासाठी.

सजवायच्या आधी फोटो

सामान आत आणण्याआधी मोबाइलवर प्रत्येक भिंत, नळ, खिडकी, फरशी यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकांना पाठवून ठेवा. आधीपासूनची भोकं तुमच्या नावावर लागणार नाहीत. दुसरं म्हणजे करार. ‘अकरा महिन्यांचाच आहे, राहू दे की’ असं म्हणू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर वेगळं सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे आम्हाला गेल्या वर्षी माहीत असतं तर? असो.

आधी रिकामं, मग सुंदर

सेमिस्टर संपलं की आपल्याकडे काय साठतं? झेरॉक्सचे गठ्ठे, पार्सलचे डबे, बंद पडलेले चार्जर, एका पायाचा मोजा. आम्ही हॉलमध्ये तीन ढीग केले: रोज लागतं, कधीतरी लागतं, कधीच लागत नाही. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघाला! कागद रद्दीवाल्याकडे गेले, बाकीचा ओला-सुका वेगळा करून घंटागाडीत. चार्जर आणि सेल मात्र सुक्या कचऱ्यात टाकू नका, ते वेगळे ठेवून वेगळेच द्या. एवढं झाल्यावर लक्षात आलं, आम्हाला नवं कपाट नकोच होतं.

जिल्हा आला घरात

खरी मजा इथे आहे. आमची दिंडोरीवाली घरून द्राक्षाचे जुने प्लास्टिक क्रेट घेऊन आली. धुऊन, आडवे करून एकावर एक रचले आणि सुतळीने एकमेकांना बांधले, की झालं पुस्तकांचं शेल्फ. जड पुस्तकं खालच्या क्रेटमध्ये, म्हणजे शेल्फ कलंडत नाही. मालेगाववालीने यंत्रमागाचं साधं कापड मीटरवर आणलं, त्याचे पडदे झाले. मी येवल्याची. आईच्या विरलेल्या पैठणीचा काठ तेवढा शाबूत होता. तो एका काठीवर शिवून खिडकीच्या गजाला टांगला. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून बाकीचं किरकोळ घेतलं. आल्या-गेल्या पाहुण्याची नजर सगळ्यात आधी त्या काठावर जाते.

आता भिंतीचं बोलू. चिकटवायचे हुक टाइल्स, काच आणि लोखंडी कपाटावर छान बसतात. भाड्याच्या घरात भिंतीला बहुतेक वेळा डिस्टेंपर असतो. त्यावर हुक पावसाळ्यात पडतो आणि जाताना रंगाचा पापुद्रा घेऊन जातो. म्हणून खिडकीच्या एका गजापासून दुसऱ्या गजापर्यंत दोरी बांधा आणि फोटो चिमट्याने अडकवा. आरसा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवा. पडद्यासाठी स्प्रिंगचा रॉड मिळतो, तो चौकटीत दाबून बसतो, ड्रिलिंग लागत नाही.

आणि कपाट, पलंग भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. श्रावणात भिंत ओल धरते, हवा खेळली नाही की मागे बुरशी येते. कपड्यांना तो कुबट वास का येतो, ते तेव्हा कळतं.

बाल्कनी आणि आमची चूक

बाल्कनी आमचं स्वप्न होतं. आधी दिशा बघा. पश्चिमेकडे असेल, तर मे महिन्यात दुपारचं ऊन भाजून काढतं, तिथे सदाफुली, कोरफड टिकतात. सकाळचं ऊन असेल तर तुळस, पुदिना मजेत वाढतात. ऊनच नसेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट. कुंडी कठड्यावर कधीच ठेवू नका, खाली माणसं चालतात. ती आत, जमिनीवर ठेवा. भिजलेली माती फार जड असते, त्यामुळे मातीत कोकोपीट मिसळा, वजन कमी होतं.

हे सगळं आम्ही केलं. शिवाय सॉसच्या, सरबताच्या नऊ बाटल्यांमध्ये पाणी भरून मनी प्लांट लावले. मागे पिवळे लाइट्स. स्टोरीवर जो तो विचारत होता, ‘कुठला कॅफे गं?’

ऑगस्टमध्ये मालेगाववालीला ताप भरला. अंगदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणं. आम्हाला वाटलं व्हायरल असेल. रिपोर्ट आला, डेंग्यू. पाच दिवस ती ॲडमिट होती, रोज प्लेटलेट्सचा आकडा ऐकताना आमच्या पोटात गोळा यायचा. तिचे अब्बू मालेगावहून रोज ये-जा करत होते.

त्याच आठवड्यात महापालिकेच्या आरोग्य कर्मचारी ताई घरोघरी तपासणी करत आल्या. बाल्कनीत गेल्या, एक बाटली उचलली, बॅटरी मारली आणि म्हणाल्या, ‘‘हे बघा.’’ पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. नऊपैकी चार बाटल्यांत आणि कुंडीखालच्या दोन ताटल्यांत. ‘‘झाडं लावा गं, पण डास पाळू नका,’’ एवढंच बोलल्या. तिला त्याच डासांपैकी एखादा चावला का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

डेंग्यूचा डास गटारात नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पुरतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. ताटली ब्रशने घासा. त्यात वाळू भरली तर पाणी साठणारच नाही. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कूलरही बघा, तिथे आपलं लक्षच जात नाही.

दाराबाहेरचं घर

शेवटचं, जिन्याचं. चपलांचं स्टँड, सायकल, रिकामे डबे जिन्यात ठेवायची सवय सगळ्यांनाच असते. पण आग लागली, लाइट गेली, धूर झाला, तर बाहेर पडायचा तोच रस्ता. महाराष्ट्रात आगप्रतिबंधासाठी २००६ चा स्वतंत्र कायदा आहे, पण कायद्याआधी अंधारात धावणाऱ्या शेजारच्या आजोबांचा विचार करा. आमचं स्टँड आता दाराच्या आत आहे. बाहेर फक्त छोटी रांगोळी, तीही जिन्याच्या कडेला.

मालेगाववाली आता ठणठणीत आहे. बाटल्या आम्ही टाकल्या नाहीत. पाणी काढून माती भरली, मनी प्लांट तेच आहेत. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी ताटल्या घासायची पाळी तिघींत फिरते. या रविवारी माझी आहे. तुमच्या घरात कुणाची?