शस्त्रक्रियेसोबत जीवनशैली : श्रेय नेमकं कुणाचं?

'कंट्रोल ग्रुप म्हणजे काय?' याची व्याख्या पेटची तयारी करणाऱ्या सगळ्यांना पाठ असते. पण तो कशासाठी लागतो, हे बघायचं तर वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवरचं संशोधन चांगलं उदाहरण आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. त्यामुळे भूक आणि साखरेशी संबंधित संप्रेरकंही बदलतात. पण वजन कायमचं तिथेच थांबत नाही. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणून शस्त्रक्रियेच्या जोडीला आहार, चालणं, वजनाची नोंद, गटाच्या बैठका असा कार्यक्रम देतात.

आता प्रश्न असा, की वजन उतरलं तर श्रेय कुणाचं?

'डायबिटीस सर्जरी स्टडी' बघा. अमेरिका आणि तैवानमधले १२० मधुमेही. सगळ्यांना औषधं आणि जीवनशैलीचा कसून राबवलेला कार्यक्रम दिला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून अर्ध्यांची बायपासही केली. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब ही तिन्ही उद्दिष्टं वर्षभरात शस्त्रक्रियेच्या गटात ४९ टक्के लोकांनी गाठली, दुसऱ्या गटात १९ टक्के लोकांनी. पाच वर्षांनी हेच आकडे २३ आणि ४ झाले.

यावरून 'जीवनशैलीचा उपयोग नाही' असं म्हणता येईल का? नाही! कार्यक्रम दोन्ही गटांना होता. फरक होता तो फक्त शस्त्रक्रियेचा, म्हणून उत्तरही तेवढ्याचंच मिळतं. कार्यक्रमाचा वाटा मोजायचा असेल तर सगळ्यांची शस्त्रक्रिया झालेली हवी आणि कार्यक्रम चिठ्ठीने निवडलेल्या अर्ध्यांनाच हवा. ज्याला यायचंय त्याने यावं, असं ठेवलं तर मुळातच उत्साही असलेली माणसं एका बाजूला जमतात आणि तुलना बिघडते.

हाच अभ्यास तुम्ही आपल्या मालवण तालुक्यात, कट्ट्याला करताय असं समजा. शस्त्रक्रिया पुण्याला झाली आणि दर महिन्याला आहारतज्ज्ञांकडे जायचंय. रात्रीची गाडी, दोन दिवसांची मजुरी बुडणार. सहा महिन्यांनी कोण येईल? ज्यांचं वजन पुन्हा वाढलं ते लाजेने यायचे बंद झाले, तर उरलेल्यांची सरासरी छानच दिसणार. म्हणून गळालेली माणसं किती आणि का, याची नोंद हा अभ्यासाचाच भाग आहे. फोनवरून सल्ला आणि गावातच वजनाची सोय, हे प्रस्तावातच लिहा.

आहाराच्या कागदाचंही तसंच. त्यावर ओट्स आणि ब्रोकोली लिहून काय होणार? इथे प्रथिनं म्हणजे बांगडा, अंडी, कुळथाची पिठी. सोमवारी आणि श्रावणात अनेक घरांत मासे नसतात, त्या दिवसांचं काय ते ठरवायला हवं. उलट सरबत आणि फरसाण लहान झालेल्या जठरातूनही सहज उतरतं. बायपासनंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर लागतात. त्या तालुक्याच्या दुकानात मिळतात का, हेही तपासा.

आता एक सराव. पुण्यात झालेल्या 'कॉसमिड' चाचणीत २५ ते ४० बीएमआय असलेल्या भारतीय मधुमेहींमध्ये बायपासची तुलना औषधं आणि जीवनशैली यांच्याशी केली. ही चाचणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचं देत नाही? दोन ओळींत लिहा.

स्वतःच्या प्रस्तावालाही हेच करा. दोन्ही गटांना काय मिळतंय आणि एकालाच काय मिळतंय, हे सगळ्यात आधी लिहा. दुसऱ्या ओळीत जे असेल, तेवढ्याचंच उत्तर तुमच्या हाती लागेल. गाईडचा पहिला प्रश्नही बहुधा तोच असेल.