जंतूंची काटकसर

खानदेशांत, मग तें जळगांव असो कीं धुळें, कळण्याची भाकरी ज्या घरांत कधींच थापली गेली नाहीं असें घर विरळाच. ज्वारींत उडीद मिसळून दळावयाचे, त्या पिठाची भाकरी भाजावयाची आणि ठेच्याबरोबर अथवा वांग्याच्या भरिताबरोबर ती खावयाची, हा तेथील जुना प्रघात. या मिश्रणांत चवीखेरीज आणखीही कांहीं साधलें आहे. अमिनो आम्लें म्हणजे प्रथिनांच्या भिंतीच्या विटा. त्यांपैकीं लायसिन नांवाची वीट ज्वारीच्या एका ग्रॅम प्रथिनांत अवघी २० मिलिग्रॅमच्या आसपास असते. प्रौढ माणसाच्या आहारांत ती ४५ मिलिग्रॅम तरी असावी, असें आहारशास्त्र सांगतें. उडदांत ती साठ मिलिग्रॅमहून अधिक भरते. कळणा दळणाऱ्या गृहिणींना लायसिनचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. हिशेब मात्र जमला.

माणसाला ही खटपट करावी लागते, कारण प्रथिनांस लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकीं नऊ त्याच्या शरीराला पुरेशीं घडवितां येत नाहींत. उलट त्याच्याच आंतड्यांत राहणारा ई. कोलाय हा यःकश्चित् जंतु थोडी साखर आणि कांहीं साधे क्षार मिळाले कीं विसांचीं वीसही स्वतः तयार करतो. परंतु खरें नवल याच्या पुढेंच आहे. हीं आम्लें बनविण्यांत साखर आणि शक्ति खर्च होते. अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुणावणाऱ्या जंतूंच्या जगांत जो उधळ्या असेल तो मागें पडणार. मग किती बनवावें आणि कोठें थांबावें, हें या मेंदू नसलेल्या जीवाला कळतें तरी कसें?

याचें एक सुरेख उत्तर १९५६ सालीं अमेरिकेंतील एडविन अंबार्गर या शास्त्रज्ञानें दिलें. थ्रिओनिनपासून आयसोल्युसिन हें अमिनो आम्ल पांच पायऱ्यांनीं तयार होतें आणि प्रत्येक पायरीवर एक वितंचक, म्हणजे एन्झाइम, काम करतें. आयसोल्युसिन पुरेसें सांचलें म्हणजे तें स्वतःच पहिल्या पायरीवरच्या वितंचकाचें काम थांबवितें, असें अंबार्गर यांना आढळून आलें.

पहिल्याच पायरीवर कां, हें धुळ्याकडील पांझरेच्या कांठीं चालत आलेली फड पद्धति ज्यांनीं पाहिली आहे त्यांना लवकर उमजेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, आणि पाटाच्या पाण्यावर गांवानें मिळून भिजविलेले फड. शेवटचा फड भिजला म्हणजे पाणी कोठें अडवावें? शेवटच्या बांधाशीं अडविलें तर तें मधल्या पिकांत तुंबणार. पाटाच्या मुखाशीं बंद करणेंच शहाणपणाचें. जंतूंतही मधली पायरी बंद पडली तर अर्धवट घडलेला माल सांचत राहील. फरक एवढाच, कीं फडावर पाणी सोडण्या-अडविण्यास पाटकरी लागतो. येथें तयार झालेला मालच पाटकऱ्याचें काम करतो. पहिल्या वितंचकाच्या अंगावर आयसोल्युसिन बसण्याजोगी एक निराळी खांच असते. तींत तें बसलें कीं वितंचकाचा आकार किंचित् पालटतो व त्याचें काम मंदावतें. ही पकड सैल असते. आयसोल्युसिन खर्चीं पडून विरळ झालें कीं खांच रिकामी होते आणि काम पुन्हां सुरू होतें.

याहून संथ असा दुसराही उपाय जंतूपाशीं आहे. ट्रिप्टोफॅन विपुल असेल तर तें बनविणारीं वितंचकें नव्यानें घडविणेंच तो थांबवितो.

खरी पंचाईत होते ती पाटाला फांटे फुटतात तेथें. अ‍ॅस्पार्टिक आम्लापासून निघालेल्या एकाच वाटेवर पुढें लायसिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन असे फांटे फुटतात. एकट्या लायसिनच्या विपुलतेनें मुखच बंद झालें तर बाकीच्यांची उपासमार होईल. ई. कोलायनें यावर मुखाशीं तीन वितंचकें ठेविलीं आहेत. एक थ्रिओनिनला जुमानतें, दुसरें लायसिनला, तर तिसऱ्याची घडण मेथिओनिनच्या तंत्रानें कमीअधिक होते. कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या मातींतील जंतूपाशीं एकच वितंचक आहे, पण लायसिन व थ्रिओनिन दोन्ही एकदम आलीं तरच तें नीट थांबतें. जपानांतील शुकुओ किनोशिता व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ च्या सुमारास नेमका याच गोष्टीचा फायदा घेतला. ज्याला थ्रिओनिनच्या फांट्यावर जातांच येत नाहीं असा विकृत वाण त्यांनीं निवडला. थ्रिओनिन नाहीं, म्हणून लगाम नाहीं. लायसिन मात्र सांचत राहतें आणि जंतूबाहेरील द्रवांत उतरतें.

या लायसिनचा मोठा खप पशुपक्ष्यांच्या खाद्यांत आहे. नवापूर हें १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यांत, व आतां नंदुरबार जिल्ह्यांत असलेलें गांव कुक्कुटपालनासाठीं प्रसिद्ध आहे. २००६ सालच्या बर्ड फ्लूच्या सांथीनें तें देशभर ठाऊक झालें. कोंबड्यांच्या खाद्यांत मक्याचा भरणा मोठा, आणि ज्वारीप्रमाणेंच मक्यांतही लायसिन तोकडें. म्हणून जंतूंनीं बनविलेलें लायसिन अशा खाद्यांत वरून घालण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. कळण्यांत जें काम उडीद करतात तेंच हें.

किनोशितांच्या त्या वाणाची जोपासना मात्र नाजुक. थ्रिओनिन व मेथिओनिन त्याला बाहेरूनच पुरवावीं लागतात, आणि तींही अगदीं बेतानें. थ्रिओनिन थोडें अधिक पडलें, कीं दोघांची जोडी जमते आणि पाटाचें मुख पुन्हां बंद होतें.