पंखाची टिप बारीक का होते?

‘थर्माकोलचा पंख गरम तारेने कापला. रूटला, म्हणजे धडाकडच्या टोकाला, आराखड्याबरहुकूम उतरला, टिपला, म्हणजे बाहेरच्या टोकाला, मात्र बारीक झाला. फाइल तर बरोबर होती. असं का?’ मालाडच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याचा हा प्रश्न. विमानवेड या पट्ट्याला नवं नाही. शेजारच्या कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं. ते धातूचं होतं. मॉडेल विमानं बनवणाऱ्यांची सगळी भिस्त थर्माकोलवर.

संगणक येण्याआधी पंख कापायला दोघं लागत. ठोकळ्याच्या एका बाजूला मोठा साचा, दुसऱ्या बाजूला लहान. दोन्हींवर सारख्याच क्रमांकांच्या खुणा. ताणलेली निक्रोमची तार साच्यावर टेकवून एकाने आकडे पुकारायचे, ‘तीन... चार...’ आणि दोन्ही टोकं एकाच क्षणी चारवर पोहोचवायची. लेझीमचं पथक वळताना आतला जागच्या जागी पावलं टाकतो, बाहेरचा लांब ढांगा टाकतो, तरी रांग मोडत नाही, तसंच हे. आता तारेची टोकं यंत्र सरकवतं आणि सॉफ्टवेअर तेच आकडे पुकारतं, फक्त खुणा शेकडो असतात.

पंखाच्या छेदाचा आकार मिळवणं तर अगदीच सोपं. १९३३मध्ये अमेरिकेतल्या ‘नाका’ या विमानसंशोधन संस्थेच्या ईस्टमन जेकब्स आणि सहकाऱ्यांनी ७८ एअरफॉइलांच्या, म्हणजे पंखाच्या छेदांच्या, चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांच्या पद्धतीत २४१२ एवढं म्हटलं की झालं: बाक रुंदीच्या २ टक्के, तो पुढून ४० टक्क्यांवर, जाडी १२ टक्के. चार आकड्यांत अख्खा छेद! संगणक नसलेल्या काळातली ही सूत्रं आजही जशीच्या तशी चालतात, याचं मला फार अप्रूप आहे.

पुढची आकडेमोड जरा खोल आहे. समजा रूट २५० मिलिमीटर रुंद, टिप १५० आणि ठोकळा ६०० लांब. यंत्राचे खांब मात्र १,००० मिलिमीटर अंतरावर, ठोकळा मधोमध. तार खांबांना बांधलेली, म्हणून खांबांना ठोकळ्यावरचा नव्हे, त्याबाहेर वाढवलेला आकार गिरवावा लागतो: एकीकडे सुमारे २८३, दुसरीकडे ११७.

आणि इथेच उत्तर आहे. दोन्ही टोकं एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी पोहोचतात, म्हणजे रूटला तार सेकंदाला ३ मिलिमीटर सरकली, तर टिपला १.८. जिथे तार रेंगाळते तिथे उष्णता जास्त वेळ मिळते आणि तार स्वतःच्या जाडीपेक्षा बरंच जास्त थर्माकोल वितळवते. हा घास दोन्हीकडे सारखाच धरला, की टिप बारीक होणारच. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही टोकांना या वितळण्याची वेगवेगळी भरपाई देता येते. पण ते आकडे त्याला कुठून कळणार? तार किती तापली, थर्माकोल किती घनतेचा, पंखा चालू आहे का, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. ‘एका क्लिकवर पंख’ या जाहिरातींवर म्हणूनच माझा विश्वास नाही. त्याच थर्माकोलचा तुकडा घ्या, तीच तार, तोच विद्युतप्रवाह ठेवा. एकदा ३च्या आणि एकदा १.८च्या वेगाने सरळ काप द्या, दोन्ही फटी व्हर्निअरने मोजा. प्रत्येकीची निम्मी रुंदी त्या त्या बाजूची भरपाई म्हणून भरा. खिडकी मात्र उघडी ठेवा, तो धूर छातीत घेण्यासारखा नाही.

एक मर्यादा मात्र कुठल्याही भरपाईने जात नाही. ताणलेली तार सरळच राहते. म्हणून स्पिटफायर या लढाऊ विमानासारखा लंबवर्तुळाकार पंख हवा असेल, तर तो तुकड्यातुकड्यांनी कापून जोडावा लागेल आणि सांधे पॉलिश पेपरने घासावे लागतील.