उपकार कीं मोबदला ?

एखाद्या गड्यानें दिवसभर शेतांत राबावें, सायंकाळीं आपली मजुरी मागावी, आणि मालकानें त्यास "तुला काम दिलें हेंच पुष्कळ समज" असें उत्तर द्यावें, तर त्या गड्यास काय वाटेल ? मालकाचें म्हणणें अगदींच खोटें असतें असें नाहीं. त्याचें शेत नसतें तर गड्यास काम कोठून मिळतें ? परंतु गडी नसता तर पीक कोठून येतें, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. उपकार कोठें संपतो आणि मोबदला कोठें सुरू होतो, हा वाद फार जुना आहे. इ. स. २०२५ मध्यें तोच वाद अमेरिकेंतील बास्केटबॉल खेळणाऱ्या स्त्रियांनीं साऱ्या जगासमक्ष मांडला. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस विचार करावयास लावणारी असल्यामुळें ती येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

बास्केटबॉलचा खेळ आपल्या मुलांमुलींस परका नाहीं. तो इ. स. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं जन्मास आला. तेथील वाय्. एम्. सी. ए. च्या विद्यालयांत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. हिंवाळ्याच्या दिवसांत विद्यार्थ्यांस छपराखालीं खेळतां येईल असा खेळ त्यांस हवा होता. त्यांनीं फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास उंच ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकण्याचे तेरा नियम लिहून काढिले. पुढें सव्वा वर्षांतच, १८९३ च्या मार्चांत, जवळच्या स्मिथ कॉलेजांत सेन्डा बेरेन्सन ह्या शिक्षिकेनें आपल्या विद्यार्थिनींचा सामना भरविला. त्या सामन्यास पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता ! आपल्या देशांतही हा खेळ वाय्. एम्. सी. ए. च्या द्वारेंच पसरला, आणि मुंबईच्या नागपाडा भागांत तो पिढ्यान्पिढ्या खेळला जात आहे.

पुरुष प्रेक्षकांना दार बंद करणाऱ्या त्या सामन्यापासून तिकिटें काढून पाहिल्या जाणाऱ्या सामन्यांपर्यंत येण्यास स्त्रियांस शंभर वर्षें लागलीं. १९७२ सालीं अमेरिकेंत एक कायदा झाला. सरकारी द्रव्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें स्त्रीपुरुषभेदावरून कोणासही वगळूं नये, असा त्याचा आशय होता. त्यामुळें शाळाकॉलेजांतील खेळाचीं मैदानें मुलींस खुलीं झालीं. त्या मैदानांवर तयार झालेल्या स्त्रियांसाठीं पुरुषांच्या प्रसिद्ध बास्केटबॉल संस्थेनें १९९६ मध्यें धंदेवाईक स्पर्धा काढण्याचें ठरविलें, आणि २१ जून १९९७ रोजीं तिचा पहिला सामना झाला. प्रारंभीं आठ संघ होते. २०२५ सालीं ते तेरा झाले. ह्या संस्थेस तेथें संक्षेपानें "डब्ल्यू. एन्. बी. ए." म्हणतात, आपण तिला नुसतें "लीग" म्हणूं.

आतां ह्या लीगची घडण समजून घेतली पाहिजे, कारण वादाचें मूळ तींत आहे. संघांचे मालक हे लीगचे चालक. परंतु लीगचा बराच मोठा हिस्सा पुरुषांच्या संस्थेच्या मालकांकडेही आहे. २०२२ मध्यें भांडवलदारांकडून साडेसात कोटी डॉलर घेऊन त्यांस सोळा टक्के हिस्सा देण्यांत आला. ह्या सर्वांच्या वतीनें कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यास कमिशनर म्हणतात. २०१९ पासून ह्या जागीं कॅथी एंगलबर्ट ह्या बाई आल्या. दुसऱ्या बाजूस खेळाडूंची स्वतःची संघटना आहे. ती १९९८ सालीं स्थापन झाली. वेतन, प्रवास, आजारपण, बाळंतपणाची रजा इत्यादि सर्व गोष्टी लीग आणि ही संघटना ह्यांच्यामधील लेखी कराराने ठरतात. कराराची मुदत संपली म्हणजे पुन्हां वाटाघाट व्हावयाची.

लीगला पुष्कळ वर्षें तोटाच होत असे, आणि तो भरून काढण्यास पुरुषांच्या संस्थेचा पैसा लागे. ही गोष्ट मालकांच्या बाजूनें नमूद केली पाहिजे. परंतु त्या तोट्याचा भार खेळाडूंनींही वाहिला. वेतन पुरत नसल्यामुळें पुष्कळ जणी उन्हाळ्यांत स्वदेशीं आणि हिंवाळ्यांत रशिया, तुर्कस्तान, चीन अशा देशांत खेळत. डायना टॉरासी ही त्या काळची अग्रगण्य खेळाडू. रशियांतील एका संघानें तिला विश्रांति घेण्यासाठींच पैसे दिले, म्हणून २०१५ सालीं ती स्वदेशाच्या स्पर्धेंत उतरलीच नाहीं ! ब्रिटनी ग्राइनर हिच्यावर तर मोठाच प्रसंग गुदरला. रशियन संघाकडून खेळण्यास जात असतां फेब्रुवारी १९२२ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२२ मध्यें, तिला तेथें अटक झाली, आणि डिसेंबरांत कैद्यांची अदलाबदल होईपर्यंत ती परक्या मुलुखांत बंदिवासांत राहिली.

प्रवासाचीही तीच कथा. पुरुषांचे संघ स्वतंत्र विमानानें जात. स्त्रिया साधारण उतारूंच्या विमानांतून जात. ऑगस्ट १९१८ नव्हे, तर आपल्याच काळांत, ऑगस्ट २०१८ मध्यें लास व्हेगासच्या संघास वॉशिंग्टन गांठण्यास चोवीस तासांहून अधिक वेळ लागला. थकलेल्या शरीरांना इजा होईल म्हणून खेळाडूंनीं त्या दिवशीं खेळण्यास नकार दिला. लीगनें तो सामना त्यांच्याविरुद्ध निकालांत काढिला. पुढें २०२१ च्या हंगामांत न्यूयॉर्कच्या मालकांनीं आपल्या खेळाडूंसाठीं स्वतंत्र विमानें केलीं, तेव्हां नियमभंगाबद्दल त्यांस पांच लक्ष डॉलर दंड झाला. एका संघास सोय मिळावी आणि इतरांस मिळूं नये हा अन्याय होय, असें लीगचें म्हणणें. तें तर्कास धरून होतें; पण सर्वांचीच सोय करणें हाही एक मार्ग होता, आणि तो मार्ग २०२४ च्या मे महिन्यापासून एंगलबर्टबाईंच्याच कारकीर्दींत स्वीकारला गेला.

त्यांच्या कारकीर्दींत याहूनही मोठ्या गोष्टी झाल्या. जानेवारी २०२० च्या करारानें सर्वोच्च वेतन सुमारें १,१७,५०० डॉलरांवरून २,१५,००० वर गेलें, आणि बाळंतपणाच्या रजेंत पूर्ण वेतन मिळूं लागलें. २०२४ सालीं केटलिन क्लार्क, एंजल रीस अशा नव्या खेळाडू आल्या आणि प्रेक्षकांची गर्दी बावीस वर्षांत झाली नव्हती इतकी झाली. त्याच वर्षीं दूरचित्रवाणीवर सामने दाखविण्याच्या हक्कांसाठीं अकरा वर्षांचे, सुमारें २२० कोटी डॉलरांचे करार झाले. नव्या संघाची परवानगी घेण्यास २०२५ मध्यें पंचवीस कोटी डॉलर मोजणारे मालक पुढें आले.

येथेंच प्रश्न उभा राहिला. शेत पिकलें, आतां वांटणी कशी व्हावी? २०२५ सालीं लीगमधील किमान वेतन ६६,०७९ डॉलर, तर सर्वोच्च २,४९,२४४ डॉलर होतें. जिच्या नांवावर मैदानें भरत, त्या क्लार्कला पहिल्या वर्षीं लीगकडून ७६,५३५ डॉलर मिळाले. पुरुषांच्या संस्थेंत उत्पन्नाचा सुमारें निम्मा भाग खेळाडूंना मिळतो, व उत्पन्न वाढलें कीं वेतनही वाढतें. स्त्रियांच्या करारांत मात्र ठराविक मर्यादेपलीकडे उत्पन्न गेलें तरच वांटा मिळावयाचा होता. साथीमुळें २०२० चा हंगाम बावीस सामन्यांत आटोपला, आणि ती मर्यादा दूरच राहिली. येथें वाचकांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. पुरुषांइतकाच आंकडा द्या, असें ह्या स्त्रियांचें म्हणणें नव्हतें. पुरुषांचें उत्पन्न कितीतरी अधिक आहे हें त्या जाणत होत्या. आमच्या श्रमानें जें उत्पन्न होतें त्याचा योग्य हिस्सा आम्हांस असावा, आणि तें वाढेल तसा तोही वाढावा, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

कराराची मुदत आधींच संपविण्याची मुभा त्यांस होती. तिचा उपयोग करून ऑक्टोबर २०२४ मध्यें त्यांनीं लीगला नोटीस दिली; त्याप्रमाणें करार ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपावयाचा होता. वाटाघाट रेंगाळली. तेव्हां १९ जुलै २०२५ रोजीं इंडियानापोलिस येथें निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना झाला, त्याच्या आधीं दोन्ही बाजूंच्या स्त्रिया एकसारखे काळे सदरे घालून मैदानांत आल्या. "आमचें देणें आम्हांस द्या" अशा अर्थाचे शब्द त्यांवर होते. प्रेक्षकांनींही तीच घोषणा उचलली. "देणें" हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. दान मागणारा "द्या" म्हणतो. ज्याचें येणें आहे तो "देणें द्या" म्हणतो.

यानंतर सप्टेंबरांत ठिणगी पडली. मिनेसोटा संघाच्या नफीसा कॉलियरबाई ह्या खेळाडूसंघटनेच्या उपाध्यक्षा. २६ सप्टेंबरच्या सामन्यांत धक्काबुक्की होऊन त्यांच्या घोट्यास दुखापत झाली. पंचांनीं प्रतिपक्षास दोष दिला नाहीं. त्यांच्या शिक्षिका शेरिल रीव्ह ह्यांनीं संतापून पंचांस दुरुत्तरें केलीं, व त्यांस एका सामन्याची बंदी आणि १५,००० डॉलर दंड झाला. संघ हरून स्पर्धेबाहेर गेला. ३० सप्टेंबर रोजीं कॉलियरबाई पत्रकारांपुढें आल्या आणि त्यांनीं लिहून आणलेलें निवेदन वाचून दाखविलें. जगांतील उत्तम खेळाडू व उत्तम प्रेक्षक आमच्याकडे आहेत, पण नेतृत्व मात्र जगांत सर्वांत वाईट आहे, असें त्या म्हणाल्या. कमिशनरबाईंशीं पूर्वीं झालेलें खासगी बोलणेंही त्यांनीं उघड केलें. पंचांविषयीं गाऱ्हाणें सांगितलें तर हरणारेच तक्रार करतात असें उत्तर मिळालें. दूरचित्रवाणीच्या कराराबद्दल खेळाडूंनीं गुडघे टेकून आभार मानावे, असेंही त्या म्हणाल्या. आणि लीग नसती तर क्लार्कला बाहेरचेंही उत्पन्न मिळालें नसतें, असाही त्यांचा अभिप्राय होता, असें कॉलियरबाईंनीं सांगितलें.

एंगलबर्टबाईंनीं ३ ऑक्टोबर रोजीं उत्तर दिलें. क्लार्कविषयींचें वाक्य आपण उच्चारलेंच नाहीं, असें त्या म्हणाल्या. परंतु खेळाडूंस आपली कदर होत नाहीं असें वाटत असेल तर आपण सुधारणा केली पाहिजे, हेंही त्यांनीं कबूल केलें. क्लार्कसह अनेक खेळाडूंनीं कॉलियरबाईंस पाठिंबा दिला.

खासगी बोलणें चारचौघांत आणणें योग्य होतें काय ? ह्याविषयीं सुज्ञांत मतभेद होईल. दोघींतील संभाषण विश्वासावर चालतें, आणि तो एकदां गेला म्हणजे वाटाघाट अवघड होते. आमच्या मतें एरव्हीं तो दोषच ठरता. परंतु कॉलियरबाईंचें गाऱ्हाणें केवळ स्वतःपुरतें नव्हतें. ज्या शेंदीडशें स्त्रियांच्या वतीनें त्या संघटनेंत बसत होत्या त्यांच्या श्रमाविषयीं तें बोलणें झालें होतें. आणि दार ठोठावून झाल्यावरच त्यांनीं चौकांत हाक मारिली. शिवाय त्यांनीं आपलें नांव लपविलें नाहीं, रागाच्या भरांत कांहीं बोलल्या नाहींत, आणि दंडाची धास्तीही बाळगिली नाहीं.

यापुढील पाऊलही शिस्तीचें पडलें. जुन्या कराराची मुदत दोनदां वाढविली गेली. मध्यंतरीं डिसेंबर २०२५ मध्यें संघटनेनें आपल्या सभासदांचें मत घेतलें. शेंकडा ९३ जणींनीं मत दिलें, आणि त्यांपैकीं शेंकडा ९८ जणींनीं, जरूर पडल्यास संप पुकारण्याचा अधिकार आपल्या कार्यकारिणीस दिला. हें मतदान म्हणजे संप नव्हे. आम्ही सर्व एक आहों ह्याची ती लेखी ग्वाही होती. ज्यांना लक्षावधि डॉलर बाहेरून मिळत त्यांनीं ज्यांना केवळ किमान वेतन मिळे त्यांच्या बरोबरीनें हात वर केला.

विद्यार्थिमित्रहो, कृतज्ञता हा मोठा सद्गुण आहे, आणि आम्ही शिक्षक तो तुम्हांस रोज शिकवितों. परंतु कृतज्ञता ही मनापासून द्यावयाची वस्तु आहे. ती वेतनाच्या बदल्यांत मागून घेतां येत नाहीं. ज्यानें काम दिलें त्याचे आभार मानावे, आणि केलेल्या कामाचा मोबदलाही ताठ मानेनें मागावा. ह्या दोहोंत विरोध मुळींच नाहीं. गाऱ्हाणें असेल तर तें प्रथम ज्याचें त्यास सांगावें. खरें तेवढेंच सांगावें. आपल्या नांवानें सांगावें. आणि आपल्याहून दुबळ्या सोबत्यास मागें टाकून स्वतःपुरती सोय करून घेऊं नये.

पालकांसही एक विनंति आहे. आपल्या मुलीस पटांगणावर खेळूं दिलें, शाळेंत पाठविलें, नोकरी करूं दिली, म्हणून तिनें जन्मभर उपकाराच्या ओझ्याखालीं वांकून राहावें अशी अपेक्षा आपण नकळत करीत नाहीं ना, हें एकदां मनाशीं पाहावें. जिला घरीं निर्भयपणें व नम्रपणें बोलतां आलें, तिलाच पुढें चारचौघांत तसें बोलतां येईल.