एमजीएचा पाचवा गिअर

गाडी ताशी एकशे दहाच्या आसपास पळत असते. छप्पर उघडं, वारा कानाशी फडफडतो, आणि डावा हात आपसूक गिअरच्या दांड्याकडे जातो. अजून एक गिअर असेलच, असा त्याचा भरवसा असतो. पण तो नसतो. चौथा पडलेलाच आहे आणि त्यापुढे काही नाही. इंजिन मिनिटाला चार हजारांहून जास्त फेरे घेत ओरडत राहतं आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर घसा ताणावा लागतो. जुनी एमजीए घेऊन इंग्लंडच्या मोटरवेवर लांब जाणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. परतल्यावर त्यांतले बरेच जण एकच प्रश्न विचारतात : हिला पाचवा गिअर बसेल का?

बसतो. तो येतो फोर्डच्या सिएरा या साध्यासुध्या घरगुती गाडीतून.

आज आपल्याकडे एमजी म्हटलं की हेक्टर डोळ्यांपुढे येते. पण हा बिल्ला मूळचा ऑक्सफर्डचा आणि पुढे थेम्सकाठच्या अ‍ॅबिंग्डन गावातला. तिथल्या कारखान्यातून सप्टेंबर १९५५ मध्ये एमजीए बाहेर पडली. सिड एनेव्हर यांनी आखलेली ही दोन माणसांची बुटकी, गोलसर स्पोर्ट्‌स कार १९६२ पर्यंत बनली. एकूण एक लाखाहून थोड्या जास्त गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेल्या.

या गाडीचं एक नातं आपल्याही घरात निघतं. तिच्या बॉनेटखाली सुरुवातीला होतं एमजीच्या मालक कंपनीचं, बीएमसीचं, ‘बी सिरीज’ इंजिन, १४८९ सीसीचं. याच कुळातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसिडरने वर्षानुवर्षं वाहिलं. लाल दिव्याच्या सरकारी गाडीत आणि टॅक्सीत निमूट राबणारं ते इंजिन इथे दोन कार्ब्युरेटर लावून सत्तरेक अश्वशक्ती देत होतं. गाणारा आणि कारकून हे सख्खे भाऊ असावेत, तसा प्रकार.

मग चारच गिअर का? कारण त्या काळच्या रस्त्यांना तेवढे पुरत होते. एमजीए आली तेव्हा ब्रिटनमध्ये एक किलोमीटरही मोटरवे नव्हता. पहिला तुकडा, प्रेस्टनचा बायपास, डिसेंबर १९५८ मध्ये खुला झाला. एम-वनचा पहिला टप्पा त्यानंतर वर्षभराने. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदाच १९५६ चा. गाडी आखणाऱ्यांसमोर होते ते कुंपणांतून वळणं घेत जाणारे गावरस्ते. तिथे हवी असते ती ओढ. तासन्‌तास एकाच वेगाने पळत राहण्याची गरज नसते.

म्हणून डिफरन्शियलचं प्रमाण ४.३ ठेवलं. चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टने ४.३ फेरे घ्यायचे. चौथा गिअर सरळसोट, एकास एक. हिशेब केला तर इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागे गाडी ताशी सत्तावीस किलोमीटर जाते. वळणावरून सुटताना हाच हिशेब गाडीला चपळ करतो आणि मोटरवेवर हाच तिला धाप लावतो. पुढे तिच्या जागी आलेल्या एमजीबीला वेगात फेरे उतरवणारा ओव्हरड्राइव्ह जोडून मिळू लागला. एमजीएला कारखान्याने तो कधीच दिला नाही.

जुन्या गिअरपेटीची दुसरी खोड म्हणजे पहिला गिअर. त्याला सिंक्रोमेश नाही. वरच्या तीन गिअरांत पितळी कडी आधी दोन्ही भागांचा वेग जुळवतात आणि मग दात एकमेकांत बसतात. पहिल्याला हा मध्यस्थ नाही. गाडी पूर्ण थांबण्याआधी तो टाकायला गेलं की दात करकरतात. चढाच्या गर्दीत किंवा सिग्नलपाशी रांगत जाताना यावर डबल क्लच, म्हणजे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणं, हाच उपाय, आणि ती सवय आता थोड्याच पायांत उरली आहे.

मोटरवेवरच्या धापेवर एक स्वस्त तोड आहे. धाकट्या बहिणीचे, म्हणजे सुरुवातीच्या एमजीबीचे, ३.९ प्रमाणाचे दाते एमजीएच्या मागच्या आसात बसतात. इंजिन शांत होतं. पण मग पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सगळेच गिअर लांबतात आणि गावरस्त्यावरचा पिकअप जातो. एका खोलीतला उकाडा घालवायला सगळ्या घराच्या खिडक्या उघड्या टाकण्यासारखंच हे. खालचे गिअर जवळपास होते तसेच ठेवून वर फक्त एक हवा असेल, तर पेटीच बदलावी लागते.

सिएरा १९८२ साली आली. तिच्यातल्या पाच गिअरच्या पेटीचं नाव ‘टाइप नाइन’. तिची एक गंमत फार जणांना ठाऊक नसते : ही पेटीही मुळात चारच गिअरांची. फोर्डने आपल्या जुन्या चार गिअरच्या बिडाच्या पेटीच्या शेपटीला पाचवा गिअर जोडला आणि नव्या काळाची गरज भागवली. म्हणजे एमजीएला जी मिळते, ती स्वतःच एकदा वाढवून घेतलेली वस्तू आहे.

आकडे शेजारी ठेवले की योगायोग थक्क करतो. एमजीएचे गिअर ३.६४, २.२१, १.३७ आणि १. दोन लिटरच्या सिएरातले ३.६५, १.९७, १.३७, १ आणि ०.८२. पहिला, तिसरा, चौथा जवळजवळ तेच. दुसरा जरा लांब. आणि वर एक जास्तीचा. त्या ०.८२ मुळे ताशी एकशे बाराच्या वेगात इंजिनाचे फेरे एक्केचाळीसशेवरून साधारण तेहतीसशे-चौतीसशेवर उतरतात. ताकदीचीही काळजी नाही. याच जातीची पेटी सिएराच्या २.८ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाचं दीडशे अश्वशक्तीचं ओझं पेलत होती.

कागदावर जुळलेलं लोखंडात जुळवणं मात्र वेगळी गोष्ट. एमजीएमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा एकत्रच वर काढतात. वेगळे केल्यावर पहिली अडचण दिसते : इंजिनाला चिकटणारं घंटेच्या आकाराचं बेलहाउसिंग जुन्या पेटीच्या अंगचंच आहे, एकाच ओतकामातलं. त्याच्याशिवाय जुनी पेटी निघत नाही आणि फोर्डच्या पेटीला ते बसत नाही. म्हणून एका तोंडाला एमजीचे बोल्ट आणि दुसऱ्या तोंडाला फोर्डचे, असं नवं अ‍ॅल्युमिनियमचं बेलहाउसिंग ओतून घ्यावं लागतं. तयार किटचा सगळ्यात मोलाचा तुकडा हाच. त्याचं केंद्र क्रँकशाफ्टच्या केंद्राशी तंतोतंत जुळायला हवं. केसभर चुकलं तरी पेटी बसते, गाडी चालतेही. पण पुढचं बेअरिंग लवकर झिजतं.

मग लहान लहान सोयरिकी. क्लचप्लेट बाहेरून एमजीच्या मापाची, तर तिच्या मधल्या खाचा फोर्डच्या शाफ्टच्या. क्रँकशाफ्टच्या टोकाशी फोर्डच्या शाफ्टचं नाक टेकायला नवा बुश. मागे पेटी टेकवायला नवी बैठक. मोजून बनवलेला प्रोपेलर शाफ्ट. स्पीडोमीटरच्या तारेला नवं प्रमाण, नाहीतर काटा खोटं बोलतो. आणि दांडा बोगद्यातल्या जुन्याच भोकातून वर आला पाहिजे, कारण एमजीएमध्ये हात जिथे सहज पडतो ती जागा बदलली तर मालक ते कधी विसरत नाही.

तेलाचीही रीत बदलते. जुन्या पेटीत इंजिनाचंच तेल चाले, आणि बोगद्यावरचं रबरी बूच काढून पट्टी बुडवली की पातळी कळे. फोर्डच्या पेटीला गिअर ऑइल लागतं, आणि कारखान्याने तिला तेल काढायचं बूचच दिलेलं नाही. एकदा भरलं की जन्मभराचं. ज्यांनी हे आखलं, त्यांना आपली पेटी सिएराहून जास्त जगेल असं वाटलं नसावं. सिएरा १९९३ मध्ये बंद झाली. एकेकाळी भंगारात सहज मिळणारी ही पेटी आता शोधावी लागते, आणि एमजीबीवाले तर माझ्दाच्या एमएक्स-फाइव्हच्या पेटीकडेही वळले आहेत.

मूळ रूपाचे आग्रही या सगळ्यावर नाक मुरडतात, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. जुना दांडा आखूड, नेमका पडे. फोर्डच्या दांड्याची चाल तेवढी नेटकी वाटत नाही. पहिल्या गिअरच्या सरळ दातांची ती कण्हती तानही जाते. पण गाडी कधी शिळी होते? कारखान्यातून निघालेले सगळे बोल्ट शाबूत असून ती आच्छादनाखाली उभी राहते तेव्हा, की चार ठिकाणी डागडुजी होऊन रोज धावते तेव्हा? अँबॅसिडर बनवणाऱ्यांपुढेही हा प्रश्न आला होता. १९९० च्या दशकात उत्तरपाड्याच्या कारखान्याने त्याच जुन्या देहात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरची पेटी बसवली. लोकांनी तिला अँबॅसिडरच म्हटलं.

जाणते कारागीर भांडणात पडत नाहीत. त्यांची कसोटी साधी : चासीला करवत लागली का? भोकं जुनीच वापरली का? उद्या कुणाला मूळ पेटी परत बसवावीशी वाटली तर शनिवार-रविवारच्या कामात बसेल का? परतीची वाट मोकळी ठेवून केलेला बदल गाडीला मानवतो. ती बुजवणाऱ्याला पुढचा मालक शिव्या घालतो.

म्हणून निघालेली जुनी पेटी भंगारात जात नाही. तेल लावून, गुंडाळून ती बाकाखाली सरकवतात. गाडी विकली की तीही सोबत द्यायची, ही जाणत्यांची रीत. फक्त एमजीएची इवलीशी डिकी स्टेपनीनेच भरते. नवा मालक पाचव्या गिअरमध्ये शांतपणे घरी पोचतो, आणि त्याची मूळ पेटी मागून दुसऱ्या कुणाच्या गाडीतून येते.